ओल्या बायोगॅससाठी सच्छिद्र चौकटीची निवड : रावेर-यावल पट्ट्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

तापीकाठचा रावेर-यावल पट्टा केळीसाठी ओळखला जातो आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. केळीचे झाड एकदाच घड देते. घड उतरला की खांब कापावा लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी बांधावर पडून कुजतो. खांबात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्यामुळे तो धड जाळता येत नाही आणि लांब वाहून नेणेही परवडत नाही. या पट्ट्यातील काही केळी उत्पादकांनी एकत्र येऊन खांबाचा चुरा आणि शेण यांवर चालणारी बायोगॅसची टाकी उभारली. टाकीतून गॅस नियमित मिळू लागला, परंतु तो जनरेटरला पुरेशा जोराने चालवत नव्हता आणि जनरेटरचे भाग लवकर गंजत होते. गॅस शुद्ध करून सिलिंडरमध्ये भरता आला तर पिकअप गाड्याही त्यावर चालतील, असा त्यांचा पुढचा विचार होता.

जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाशी त्यांचा संपर्क याच काळात आला. विभागातील एक प्राध्यापिका आणि त्यांचा संशोधक विद्यार्थी धातू-सेंद्रिय चौकटींवर, म्हणजे एमओएफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थांवर, काम करीत होते. धातूचे आयन किंवा त्यांचे छोटे पुंजके हे सांधे आणि सेंद्रिय रेणू हे दांडे, अशा जोडणीतून हे स्फटिक तयार होतात. दांड्याची लांबी आणि सांध्याचा आकार बदलून आतील छिद्रांचे माप व स्वभाव ठरवता येतो, हे या पदार्थांचे वैशिष्ट्य आहे. या क्षेत्राच्या पायाभरणीसाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. प्रकल्पाच्या आढावा बैठकांना मी विषयाचा अभ्यासक म्हणून उपस्थित होतो. ही नोंद त्या बैठका, प्रयोगवह्या आणि संबंधितांशी झालेल्या चर्चा यांवर आधारलेली असून व्यक्ती आणि संस्था यांची ओळख जाणीवपूर्वक वगळली आहे.

प्रश्न नेमका काय होता

टाकीतून निघणाऱ्या गॅसमध्ये निम्म्याहून थोडा अधिक मिथेन आणि सुमारे दोनपंचमांश कार्बन डायऑक्साइड होता. वाहनात वापरायच्या बायोगॅससाठी भारतीय मानक १६०८७ नुसार मिथेन किमान ९० टक्के असावा लागतो. म्हणजे कार्बन डायऑक्साइड काढणे हे मुख्य काम, आणि प्रकल्पाच्या प्रस्तावातही तेवढेच लिहिलेले होते.

या दोन वायूंना वेगळे करण्याचा आधार त्यांच्या रेणूंच्या स्वभावात आहे. कार्बन डायऑक्साइडचा गतिक व्यास, म्हणजे छिद्रातून जाताना रेणूचे जाणवणारे माप, सुमारे ३.३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आणि मिथेनचा सुमारे ३.८ अँगस्ट्रॉम आहे. त्याहून महत्त्वाचे असे की कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत विद्युतभाराची वाटणी असमान असते, त्यामुळे ध्रुवीय पृष्ठभाग त्याला अधिक ओढून घेतो, तर मिथेनवर हे आकर्षण जवळजवळ चालत नाही. मात्र पाण्याचा रेणू या दोघांहून लहान आहे आणि कितीतरी अधिक ध्रुवीय आहे. ज्या कारणासाठी एखादी चौकट कार्बन डायऑक्साइडला धरते, त्याच कारणासाठी ती पाण्याला आधी धरते. टाकीतून येणारा गॅस पाण्याच्या वाफेने पूर्ण भरलेला असतो आणि शेणामुळे त्यात हायड्रोजन सल्फाइडही असतो. प्रस्तावात या दोन घटकांचा उल्लेख ‘पूर्वप्रक्रिया’ या एका शब्दात आटोपला होता आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्याच शब्दाखाली दडलेल्या होत्या.

पहिला निर्णय

विद्यार्थ्याने प्रकाशित आकड्यांचा तक्ता केला. त्यात मॅग्नेशियमची एमओएफ-७४ ही चौकट सर्वांत वर होती. खोलीच्या तापमानाला आणि १ बार दाबाला, म्हणजे साधारण हवेच्या दाबाला, ती प्रतिग्रॅम सुमारे ८ मिलिमोल (रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) कार्बन डायऑक्साइड धरते. तिच्या छिद्रांच्या भिंतीवर मॅग्नेशियमची एक बाजू उघडी राहते आणि ती वायूला घट्ट धरते. हीच चौकट घ्यावी, असा विद्यार्थ्याचा आग्रह होता.

प्राध्यापिकांनी तो स्वीकारला नाही, आणि त्यांचे कारण शिकण्यासारखे आहे. या चौकटीत ०.१ बार दाबालाच सुमारे ५.४ मिलिमोल वायू बसलेला असतो. दाब १ बारवर नेऊन वायू धरायचा आणि ०.१ बारवर आणून सोडायचा असे ठरवले, तर पकडलेल्या वायूचा दोनतृतीयांश भाग आतच राहतो. धुरातील विरळ कार्बन डायऑक्साइड पकडायचा असेल तर अशी घट्ट पकड उपयोगी पडते. बायोगॅसमध्ये मात्र तो मुळातच भरपूर असल्यामुळे दर फेरीला किती वायू आत-बाहेर होतो हा आकडा एकूण क्षमतेपेक्षा मोलाचा ठरतो. शिवाय ७० टक्के आर्द्रतेच्या संपर्कानंतर या चौकटीची क्षमता मूळच्या सुमारे सहाव्या हिश्श्यापर्यंत घसरते, हेही प्रसिद्ध झालेले होते.

त्याऐवजी तांब्याची एचकेयूएसटी-१ ही चौकट निवडली गेली. ती १९९९ मध्ये हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात प्रथम तयार झाली. तांब्याचा नायट्रेट आणि ट्रायमेसिक आम्ल पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात तापवून ती साध्या प्रयोगशाळेतही करता येते आणि तिची पकड मॅग्नेशियमच्या चौकटीइतकी तीव्र नसते. तिच्यातही तांब्याची एक बाजू उघडीच असते, याची नोंद बैठकीच्या वृत्तांतात आहे. तरी ‘गॅस वाळवून घेऊ’ असे धरून निर्णय झाला. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील पहिले वळण हेच. एक चौकट फेटाळताना जे कारण दिले गेले, त्याचा अर्धा भाग दुसरीलाही लागू होता.

कोरडा गॅस आणि खरा गॅस

प्रयोगशाळेत सिलिंडरमधील कोरड्या मिश्रणावर निकाल उत्तम आले. छोट्या काचनळीत भरलेल्या चौकटीतून गॅस सोडला की आधी जवळजवळ शुद्ध मिथेन बाहेर पडे आणि बऱ्याच वेळाने कार्बन डायऑक्साइड दिसू लागे. स्फटिकाची क्ष-किरण तपासणी आणि द्रव नायट्रोजनच्या तापमानाला केलेले पृष्ठफळाचे मापन, दोन्ही जवळच्या विद्यापीठातून करून आणले होते आणि ते प्रकाशित आकड्यांशी जुळत होते.

मग नळी टाकीजवळ नेली. ओलावा टिपण्यासाठी पुढे सिलिका जेलचा थर ठेवला होता. उन्हाळ्याचे दिवस होते. भुसावळ-रावेर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि त्या उष्णतेत टाकीतील गॅसमध्ये वाफेचे प्रमाणही वाढते. सिलिका जेल अपेक्षेपेक्षा फार लवकर भरला. वाळवलेली एचकेयूएसटी-१ गडद जांभळट निळी असते आणि पाणी शोषताच आकाशी होते, त्यामुळे नळीत ओलाव्याची सीमा पुढे सरकताना डोळ्यांना दिसत होती. त्यामागोमाग तोंडाकडचा भाग काळा पडू लागला. हायड्रोजन सल्फाइड तांब्याशी अभिक्रिया करून तांब्याचा सल्फाइड बनवतो आणि चौकट मोडते. हे नुकसान तापवून भरून निघत नाही. गॅसमध्ये सुधारणा जवळपास नव्हती.

टाकीचे व्यवस्थापन पाहणाऱ्या ज्येष्ठ शेतकऱ्यांनी त्या वेळी प्राध्यापिकांना जे विचारले, ते प्रयोगवहीत उतरवून ठेवले आहे : “मॅडम, तुमचं औषध कोरड्या गॅसवर चालतं म्हणता. पण टाकीतून निघतो तो ओलाच निघतो. मग कोरडा गॅस आणायचा कुठून?” त्यावर प्राध्यापिका म्हणाल्या, “नाना, बरोबर आहे तुमचं. पदार्थ तुमच्या गॅसला पाहून निवडायला हवा.” प्रकल्पाची दिशा या संभाषणानंतर बदलली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय असा की एचकेयूएसटी-१ कायम ठेवायची आणि गॅस तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी पूर्ण कोरडा व गंधकमुक्त करायचा. हे शक्य आहे, पण मग त्याच कोरड्या गॅससाठी बाजारात सहज मिळणारा झिओलाइट १३एक्स हा सच्छिद्र शोषक का वापरू नये, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. झिओलाइट स्वस्त आहे, दाण्यांच्या रूपात तयार मिळतो आणि उद्योगात अनेक दशके वापरात आहे. त्याची अडचण एवढीच की पाणी त्याला फार घट्ट चिकटते आणि ते घालवण्यासाठी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापवावे लागते.

दुसरा पर्याय पाण्याने गॅस धुण्याचा होता. दाबाखाली कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिथेनपेक्षा कितीतरी अधिक विरघळतो आणि जगभरात अनेक प्रकल्प याच पद्धतीवर चालतात. पाणी फिरवून वापरता येत असले तरी पंपांचा खर्च आणि उन्हाळ्यात पाणी थंड ठेवण्याची गरज राहते, कारण गरम पाण्यात वायू कमी विरघळतो. ज्या पट्ट्यात केळीसाठी उपसा होऊन विहिरी आणि कूपनलिका खोल गेल्या आहेत, तेथे शेतकऱ्यांचा या पर्यायाला असलेला विरोध समजण्यासारखा होता.

तिसरा पर्याय पाण्याला दाद न देणारी चौकट शोधण्याचा. यूआयओ-६६ ही झिर्कोनियमची चौकट पाण्यात टिकते, पण कार्बन डायऑक्साइड बेताचाच धरते आणि तिच्या प्रचलित कृतीत डायमिथाइल फॉर्मामाइड हे विषारी द्रावक लागते. झिफ-८ पाण्याला दूर ठेवते, परंतु नेहमीच्या दाबाला कार्बन डायऑक्साइडही जेमतेमच घेते. उरली काल्फ-२०.

काल्फ-२० का

कॅल्गरी विद्यापीठात विकसित झालेली ही चौकट २०२१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. जस्त आणि ट्रायझोल यांचे थर, आणि त्या थरांना जोडणारे ऑक्झलेटचे खांब, अशी तिची रचना आहे. जस्ताची एकही बाजू उघडी नसते, त्यामुळे पाण्याला थेट धातूवर बसायला जागा मिळत नाही. कार्बन डायऑक्साइड छिद्राच्या मध्यभागी, भिंतींच्या एकत्रित सौम्य ओढीने बसतो. पाण्याला त्या अरुंद जागेत टिकायचे तर रेणूंची एकमेकांशी साखळी जमावी लागते आणि आर्द्रता कमी असताना ती जमत नाही. सुमारे ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत ही चौकट पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडला पसंती देते, आणि कॅनडातील एका सिमेंट कारखान्याच्या धुरावर तिचा मोठ्या प्रमाणावर वापर करून पाहिला गेला आहे. कमाल क्षमतेत ती मॅग्नेशियमच्या चौकटीच्या निम्म्याच्या आसपास आहे. तक्ता क्षमतेनुसार लावलेला असल्यामुळे पहिल्या फेरीत ती कोणाच्या नजरेत भरली नव्हती.

दोन शंका बैठकीत उपस्थित झाल्या आणि दोन्ही रास्त होत्या. पहिली अशी की या चौकटीची कीर्ती नायट्रोजनपासून कार्बन डायऑक्साइड वेगळा करण्यात आहे. मिथेन नायट्रोजनपेक्षा अधिक शोषला जातो, म्हणून बायोगॅसमध्ये निवडकता, म्हणजे दोन वायूंपैकी एकालाच धरण्याचा गुण, कमी पडणार. दुसरी शंका गंधकाची. जस्ताचा ऑक्साइड उद्योगात गंधक पकडण्यासाठीच वापरला जातो. मग जस्ताची चौकट हायड्रोजन सल्फाइडसमोर सुरक्षित आहे असे गृहीत धरणे योग्य नव्हते. पहिल्या शंकेचे उत्तर मोजमापातून मिळणार होते. दुसऱ्या शंकेमुळे गंधक आधी काढण्याची अट पक्की झाली.

ओलावा किती चालेल

माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत चांगला विचार येथे झाला. एचकेयूएसटी-१ किंवा झिओलाइटसाठी ‘गॅस कोरडा हवा’ ही अट होती. काल्फ-२० साठी ती ‘आर्द्रता ४० टक्क्यांखाली हवी’ अशी झाली. या दोन अटींमधील अंतर फार मोठे आहे. २० अंशांना वाफेचा संपृक्त दाब, म्हणजे गॅसमध्ये मावणाऱ्या जास्तीत जास्त वाफेचा दाब, २.३४ किलोपास्कल आणि ४० अंशांना ७.३८ किलोपास्कल असतो. म्हणजे गॅस २० अंशांपर्यंत थंड करून पाणी निथळू दिले आणि नंतर त्याला पुन्हा ४० अंशांवर येऊ दिले, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ३२ टक्के होते. शोषक थर नको, तो तापवून वाळवणे नको. खानदेशातील उन्हाळ्यात गॅस पुन्हा गरम करण्यासाठी वेगळी ऊर्जाही लागत नाही. उघड्यावरील काळी नळी पुरते.

याची दुसरी बाजूही विद्यार्थ्याने मांडली. प्रकाशित आकडे बहुधा २५ अंशांचे असतात आणि अधिशोषणात, म्हणजे वायू चौकटीच्या पृष्ठभागावर धरला जाताना, उष्णता बाहेर पडत असल्यामुळे तापमान वाढले की क्षमता घटते. त्याने ४० अंशांना मोजमाप केले तेव्हा घट लक्षणीय होती, पण दर फेरीला आत-बाहेर होणाऱ्या वायूतील घट त्या मानाने कमी होती, कारण तापमान वाढल्यावर वायू सुटणेही सोपे होते. हा निकाल मिळाल्यावर काल्फ-२० वर शिक्कामोर्तब झाले.

बांधणी आणि चाचणी

टप्प्यांचा क्रम ठरवतानाही थोडी चर्चा झाली. विद्यार्थ्याच्या पहिल्या आराखड्यात आधी गॅस थंड करून मग गंधक काढायचे होते. परंतु लोखंडाचा ऑक्साइड हायड्रोजन सल्फाइडला धरतो तो ओलसर असतानाच नीट धरतो, म्हणून त्याचा थर ओल्या गॅसवर, सर्वांत आधी हवा. हा थर लेथच्या कारखान्यातून आणलेला लोखंडी कीस पाणी शिंपडून गंजवून तयार केला. त्यानंतर जुन्या फ्रीजच्या यंत्रणेवर चालणारी थंड नळी, निथळलेल्या पाण्याचा सापळा, उन्हातील काळी नळी आणि शेवटी चौकटीचा स्तंभ. लोखंडी थरानंतर लेड ॲसिटेटच्या कागदाची पट्टी लावली. गंधक निसटले की ती काळी पडते आणि स्तंभाकडे जाणारा कॉक बंद करता येतो.

चौकटीची भुकटी तशीच भरली तर गॅस पुढे जात नाही, म्हणून तिचे दाणे करावे लागतात. नुसत्या दाबाने वड्या पाडल्या तेव्हा त्या हाताळताना भुगा होत होत्या आणि दाब वाढवला तर क्षमता घटत होती. शेवटी मिथाइल सेल्युलोजचा बंध वापरून शेवयांसारखे धागे काढून तोडले. बंधामुळे वजनाच्या प्रमाणात क्षमता थोडी गेली, ती स्वीकारली.

शुद्ध मिथेन पिकअपच्या टाकीत एमओएफ भरून कमी दाबाला साठवावा, अशीही एक कल्पना मधल्या काळात पुढे आली होती. कागदावर ती आकर्षक आहे : ६५ बार दाबाला एचकेयूएसटी-१ चा एक घनसेंटिमीटर स्फटिक सुमारे २६७ घनसेंटिमीटर मिथेन धरतो, तर नेहमीच्या सीएनजीसाठी २०० बारच्या पुढे दाब लागतो. मात्र हा आकडा सलग स्फटिकाचा आहे. भुकटी किंवा दाणे भरले की मधल्या पोकळ्यांमुळे तो बराच घसरतो आणि भरताना सुटणारी उष्णता ती क्षमता आणखी कमी करते. हा विषय तेथेच थांबवला गेला आणि ते योग्यच झाले.

फलित

मुख्य गॅसमधून वळवलेल्या छोट्या बाजूप्रवाहावर स्तंभाने काम केले. फेरीच्या पहिल्या भागात बाहेर पडणारा गॅस ९० टक्के मिथेनच्या वर राहिला आणि निर्वात पंपाने स्तंभ मोकळा करून पुन्हा वापरता आला. हंगाम संपेपर्यंत स्फटिकाच्या क्ष-किरण आलेखात बदल दिसला नाही. निवडकतेविषयीची शंका मात्र खरी ठरली : स्तंभ मोकळा करताना कार्बन डायऑक्साइडबरोबर काही मिथेनही जात होता. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट किंवा त्याच्या आसपास तापमानवाढ घडवतो, म्हणून हा झिरपा हवेत सोडणे कोणालाच मान्य नव्हते आणि तो पुन्हा टाकीच्या गॅसमध्ये मिसळण्याची जोडणी करावी लागली.

शेतकऱ्यांना तात्काळ लाभ झाला तो पहिल्या दोन टप्प्यांचा. गंधक आणि पाणी गेल्यावर जनरेटर कार्बन डायऑक्साइडसह असलेल्या गॅसवरही सुरळीत चालू लागला आणि गंजण्याची तक्रार थांबली. पूर्ण प्रवाहासाठी चौकटीचा स्तंभ उभारायचा की नाही, हा निर्णय त्यांनी पुढे ढकलला, कारण सिलिंडर भरण्यासाठी स्फोटके सुरक्षा विभागाचा परवाना, दाबयंत्र आणि तपासणी यांचा खर्च चौकटीच्या खर्चाहून मोठा निघाला.

काय वेगळे करता आले असते

जनरेटरची अडचण आणि सिलिंडरची इच्छा या दोन गोष्टी सुरुवातीलाच वेगळ्या करायला हव्या होत्या. जनरेटरला कार्बन डायऑक्साइड काढून हवा होता असे नाही. त्याला गंधक आणि पाणी नको होते. हे पहिल्या भेटीत विचारले असते तर लोखंडी कीस आणि थंड नळी एक हंगाम आधी बसली असती.

पदार्थांच्या तक्त्यात क्षमतेच्या आधी तीन स्तंभ असायला हवे होते : पाण्यात टिकते का, गंधकाला तोंड देते का, आणि ४० अंशांना दर फेरीला किती वायू आत-बाहेर होतो. या क्रमाने चाळले असते तर मॅग्नेशियम आणि तांब्याच्या दोन्ही चौकटी पहिल्याच चाळणीत गळल्या असत्या. खऱ्या गॅसची एक पिशवी प्रयोगशाळेत आणून काचनळीतून सोडणे हा अर्ध्या दिवसाचा प्रयोग आहे. तो कोरड्या मिश्रणावरील सविस्तर मोजमापांच्या आधी व्हायला हवा होता.

वापरून झालेल्या लोखंडी किसाकडेही अधिक लक्ष द्यायला हवे होते. हवेच्या संपर्कात तो पुन्हा ऑक्साइड होताना तापतो आणि पेट घेऊ शकतो. तो ओला ठेवून, पातळ पसरून, टाकीपासून दूर उघडा करायचा असतो. ही सूचना आता टाकीजवळच्या फलकावर मराठीत लिहिलेली आहे.

पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या रात्री काळी नळी गॅस पुरेसा गरम करू शकत नाही, तेव्हा आर्द्रता ४० टक्क्यांच्या वर जाते. त्या काळासाठी जनरेटरच्या धुराड्याची उष्णता वापरून गॅस गरम करण्याची जोडणी विद्यार्थ्याने आखली असून केळीच्या कांदेबाग हंगामातील लागवडीनंतर ती बसवण्याचे ठरले आहे.